तिसरी अंगठी

ब्रायटनला मी गेले ती तिथला 'पॅव्हिलियन' पाहायला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, घुमट आणि मिनार मिरवणारा हा हिंदुस्थानी थाटाचा महाल चौथ्या जॉर्जने बांधून घेतला. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांसाठी त्याचेच रुग्णालय केले होते, हे वाचल्यापासून तो एकदा डोळ्यांनी पाहायचा, असे मनात होते. महाल पाहून झाला आणि दुपार हाताशी उरली, म्हणून केम्प टाउन भागातल्या सेंट जॉन द बाप्टिस्ट या कॅथलिक चर्चमध्ये गेले. तिथे एका स्त्रीचे गुडघे टेकून प्रार्थना करणारे शिल्प आहे. तिच्या बोटांत तीन अंगठ्या आहेत. तीन लग्नांच्या तीन.

ही मारिया फिट्झहर्बर्ट. इंग्लंडच्या कायद्याला तिची दोनच लग्ने ठाऊक होती. तिसरी अंगठी ज्याची, त्याने वेगळ्याच स्त्रीशी जाहीर लग्न केले आणि तो पुढे राजा झाला. घरी आल्यावर मी या तिसऱ्या अंगठीचा माग काढू लागले आणि एका तरुण विधवेच्या प्रेमाच्या गोष्टीमागे कायदा, पैसा आणि धर्म यांची किती गुंतवळ असते, ते हळूहळू दिसू लागले.

'रीजन्सी' म्हटले की आज मालिकांमधले नाचाचे दिवाणखाने आणि घोडागाड्या आठवतात. नेमकेपणाने बोलायचे तर वेडाच्या आजारामुळे तिसरा जॉर्ज राज्यकारभार पाहू शकेना, म्हणून त्याच्या थोरल्या मुलाने राजप्रतिनिधी या नात्याने कारभार केला, तो १८११ ते १८२० हा काळ. आपल्याकडे पेशवाई बुडाली ती याच काळात, १८१८ साली. इतिहासकार मात्र या युवराजाची सगळीच कारकीर्द सैलपणे त्या नावाखाली घेतात, आणि आपली गोष्ट त्याच्या तरुणपणीच सुरू होते.

मारियाचा जन्म १७५६ सालचा. घराणे जमीनदार, पण कॅथलिक. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसता येत नसे, सरकारी अधिकाराच्या जागा मिळत नसत. तिचे शिक्षण पॅरिसच्या कॉन्व्हेंटमध्ये झाले. १७७५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तिचे लग्न लुलवर्थ कॅसलच्या एडवर्ड वेल्डशी झाले. तो तिच्याहून सुमारे सोळा वर्षांनी मोठा, सधन विधुर. तीन महिन्यांत तो घोड्यावरून पडला आणि त्यातच गेला. त्याने नवे मृत्युपत्र करायला घेतले होते, पण त्यावर सही व्हायची राहिली. सगळी इस्टेट धाकट्या भावाकडे गेली. एका सहीअभावी सारे कसे हातचे जाते, हा धडा मारियाला एकोणिसाव्या वर्षीच मिळाला. पुढची तिची सगळी वागणूक समजून घ्यायची तर ही सही विसरून चालणार नाही.

तीन वर्षांनी तिने थॉमस फिट्झहर्बर्टशी लग्न केले. १७८१ मध्ये नीस येथे तोही वारला. या खेपेला मात्र कागद पक्के होते. वर्षाला १,००० पौंडांचे उत्पन्न आणि लंडनच्या मेफेअर भागात पार्क स्ट्रीटवर घर तिला मिळाले. वयाची पंचविशीही पुरी झालेली नव्हती.

आता त्या काळच्या इंग्रज विधवेची स्थिती पाहा. कुमारिका बापाच्या हाताखाली असे. लग्न झाले की कायद्याने बायकोचे वेगळे अस्तित्वच नवऱ्यात विरून जाई. तिची मिळकत, तिची कमाई नवऱ्याची होई. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगण्याचा पुरता हक्क तिथे १८८२ साली मिळाला. विधवा मात्र स्वतंत्र व्यक्ती असे. तिला करार करता येत, दावा लावता येई, घर चालवता येई. म्हणजे उमरावांच्या लंडनमध्ये सर्वांत मोकळी स्त्री कोण, तर हाताशी पैसा असलेली विधवा. आणि पुनर्विवाह केला की तिचे हे मोकळेपण पुन्हा नवऱ्याच्या खिशात जाई. आपल्याकडे १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण त्याच कायद्यातल्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढूनही घेतला. प्रेम करा, पण आधी किल्ल्या खाली ठेवा, हा न्याय दोन्हीकडे सारखाच दिसतो.

अशा या मोकळ्या विधवेवर १७८४ मध्ये युवराज जॉर्जची नजर गेली. तो एकवीस वर्षांचा, ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. त्याला हवे असेल ते तोवर त्याला मिळत आलेले. तिने मात्र स्पष्ट सांगितले, की मी तुमची रखेल होणार नाही. आणि बायको होणे तर अशक्यच होते. १७०१ च्या कायद्याप्रमाणे कॅथलिक व्यक्तीशी लग्न करणाऱ्याचा गादीवरचा हक्क जाई. शिवाय १७७२ चा राजघराण्यातील विवाहांचा कायदा होता. राजाच्या परवानगीवाचून, पंचवीस वर्षांच्या आत केलेले लग्न त्याने रद्दबातल ठरत असे.

या १७७२ च्या कायद्याच्या मुळाशी गेले तेव्हा मला गंमत वाटली. हा कायदा झाला तोच एका तरुण विधवेमुळे. तिसऱ्या जॉर्जचा भाऊ ड्यूक ऑफ कंबरलंड याने १७७१ मध्ये ॲन हॉर्टन या विधवेशी लग्न केले. राजा संतापला आणि पुढच्याच वर्षी त्याने हा कायदा करवून घेतला. कायदा होतो न होतो तोच दुसरा भाऊ ड्यूक ऑफ ग्लॉस्टर याने कबूल केले, की मीही १७६६ मध्येच काउंटेस वॉल्डग्रेव्ह हिच्याशी गुपचूप लग्न केले आहे. तीही विधवाच! घराण्यात पैसा आणि अनुभव घेऊन येणारी, बापाच्या शब्दात नसलेली स्त्री राजाला किती नकोशी होती, हे यावरून कळते.

८ जुलै १७८४ रोजी मारियाला निरोप आला, की युवराजाने स्वतःला भोसकून घेतले आहे आणि ती आली नाही तर तो वाचणार नाही. एकटीने जायला ती तयार होईना. डेव्हनशरची डचेस जॉर्जियाना हिला बरोबर घेऊन ती कार्लटन हाउसमध्ये गेली. रक्ताने माखलेल्या युवराजाने लग्नाचे वचन मागितले; डचेसच्याच बोटातली अंगठी काढून ती मारियाच्या बोटात घातली गेली. बाहेर पडल्यावर दोघींनी आधी काय केले असेल, तर अशा दबावाखाली दिलेले वचन बंधनकारक नाही, असा कागद करून त्यावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मारिया इंग्लंड सोडून गेली.

दीड वर्ष ती युरोपात राहिली. पत्रे येत राहिली. त्यातले एक तर ४२ पानांचे. शेवटी डिसेंबर १७८५ मध्ये ती परतली. ती का परतली? पैसा तिच्याजवळ होता, मान होता, या माणसाचा उधळेपणा आणि लहरीपणा तिला दिसत होता. राणी होणे शक्य नाही हेही ठाऊक होते. मग उरते ते एकच कारण, आणि इतिहास लिहिणाऱ्यांना ते लिहायला बरेचदा संकोच वाटतो. ती त्याच्यावर प्रेम करू लागली होती.

१५ डिसेंबर १७८५ रोजी पार्क स्ट्रीटवरच्या तिच्याच दिवाणखान्यात लग्न लागले. लग्न लावणारा रेव्हरंड रॉबर्ट बर्ट कर्जापायी तुरुंगात होता. त्याचे ५०० पौंडांचे देणे भागवून त्याला सोडवून आणले. साक्षीदार दोन, मारियाचा मामा हेन्री एरिंग्टन आणि भाऊ जॉन स्माइद. धर्माच्या दृष्टीने लग्न पक्के, कायद्याच्या दृष्टीने शून्य. आपल्या जुन्या भाषेत याला गांधर्वविवाह म्हणता आले असते, पण गांधर्वविवाहात निदान शकुंतलेला अंगठी हरवल्याचा दोष तरी देता येतो. इथे अंगठी जागेवर होती, ओळख द्यायची तयारी नव्हती.

हे लवकरच दिसले. १७८७ मध्ये युवराजाचे कर्ज फेडण्याचा प्रश्न पार्लमेंटपुढे आला आणि गुप्त लग्नाची कुजबुज सभागृहात पोचली. त्याचा मित्र चार्ल्स फॉक्स याने उभे राहून, असे लग्न झालेलेच नाही, असे ठाम सांगितले. फॉक्सचा दोष नव्हता. लग्नाच्या चारच दिवस आधी युवराजाने त्याला या अफवा निराधार असल्याचे लेखी कळवले होते. पार्लमेंटने १,६१,००० पौंडांचे कर्ज फेडले. मारियाला मात्र सगळ्या देशासमोर रखेल ठरवले गेले. तिने फॉक्सला कधी क्षमा केली नाही. नवऱ्याला केली.

कर्ज पुन्हा वाढले. १७९४ मध्ये युवराजाने तिला पत्राने दूर केले आणि ८ एप्रिल १७९५ रोजी ब्रुन्सविकच्या कॅरोलाइनशी लग्न केले. पुढच्या जानेवारीत कॅरोलाइनला मुलगी झाली, आणि तिसऱ्याच दिवशी आजारी युवराजाने मृत्युपत्र लिहून सगळी मालमत्ता मारियाच्या नावे केली. देवाच्या दृष्टीने तीच आपली बायको, असे त्यात नमूद केले. कॅरोलाइनला ठेवला एक शिलिंग. तो मारियाकडे परत यायला निघाला तेव्हा तिने एक अट घातली, आधी रोमहून निर्णय आणावा. निर्णय आला, की तिचे लग्न खरे आहे. १८०० मध्ये ती त्याच्याकडे परतली. पुढची काही वर्षे आपल्या आयुष्यातली सर्वांत सुखाची, असे ती मागाहून सांगत असे.

या सुखाचा शेवटही एका मुलीपायी झाला. लॉर्ड ह्यू सिमूर यांची आईबापांवाचून पोरकी झालेली मुलगी मिनी मारियाने वाढवली होती. कॅथलिक बाईने प्रॉटेस्टंट मूल सांभाळू नये, म्हणून नातेवाइकांनी दावा लावला. तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १८०६ मध्ये मुलगी लॉर्ड आणि लेडी हर्टफर्डच्या ताब्यात दिली गेली आणि त्यांनी ती मारियाकडेच ठेवली. या खटपटीत युवराजाचे हर्टफर्डांकडे जाणेयेणे वाढले आणि त्याचे मन लेडी हर्टफर्डवर बसले. जून १८११ मध्ये राजप्रतिनिधी झाल्याच्या आनंदात त्याने कार्लटन हाउसमध्ये मोठी मेजवानी दिली. मारियाने विचारले, मी कुठे बसायचे? आपापल्या हुद्द्याप्रमाणे, असे उत्तर आले. तिला हुद्दाच नव्हता. ती गेली नाही, आणि त्यानंतर त्याच्याकडेही गेली नाही. रीजन्सी सुरू झाली ती तिच्यावाचून.

इथे मला माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीची आठवण येते. अठराव्या वर्षी त्या विधवा झाल्या आणि आयुष्यभर भावाच्या घरी राहिल्या. सासरकडून मिळायच्या अन्नवस्त्राचा कागद त्यांनी मेणकापडात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. पैसे येणे केव्हाच बंद झाले होते. आम्ही मुले हसायचो. त्या म्हणायच्या, "पैशासाठी नाही गं, मी कोण होते त्याचा तो दाखला आहे." मारियाचे कागद वाचताना त्यांचे हे वाक्य मला पहिल्यांदा नीट कळले.

लग्नाचा दाखला मारियाने आयुष्यभर जपला. साक्षीदार अडचणीत येतील म्हणून त्यांची नावे तेवढी तिने स्वतः कापून काढली. तिला दडपता येईल तितके दडपले गेले, तरी हा कागद उघड करून तिने कुणाला धमकावले नाही. तो बाहेर पडता तर कदाचित युवराजाची गादी गेली असती.

२६ जून १८३० रोजी चौथा जॉर्ज वारला. आजारपणात तिचे पत्र आले ते त्याने उशाखाली ठेवले होते. उत्तर दिले नाही. पण त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला पुरले ते गळ्यात तिचे छोटे चित्र असताना. नवा राजा चौथा विल्यम ब्रायटनला आला तेव्हा मारियाने त्याच्यापुढे दाखला ठेवला. तो वाचून राजाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने तिला डचेसचा किताब देऊ केला. तिने तो नाकारला. राजाने आग्रह धरला, की तिने आपल्या भावासाठी वैधव्याचा वेष करावा, नोकरांना राजघराण्याचा पोशाख द्यावा. तेवढे तिने मानले.

१८३३ मध्ये तिच्या टिल्नी स्ट्रीटवरच्या घरी दोघांची पत्रे जाळण्यात आली. राजाच्या बाजूने उभा होता त्याच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे १८०३ मध्ये असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आपल्या ओळखीचा आर्थर वेलस्ली. मारियाने निवडून ठेवलेले मोजके कागद मात्र कूट्स बँकेत मोहोरबंद ठेवले गेले. त्यात लग्नाचा दाखला होता आणि १७९६ चे मृत्युपत्र होते. २७ मार्च १८३७ रोजी ती ब्रायटनला वारली. १९०५ मध्ये सातव्या एडवर्डच्या परवानगीने ते पाकीट उघडले आणि एकशे वीस वर्षे नाकारलेले लग्न छापून आले. राजघराण्यातील विवाहांचा तो १७७२ चा कायदा अखेर २०१३ च्या कायद्याने रद्द झाला. कॅथलिक व्यक्तीशी लग्न केल्याने गादी जाण्याची अटही त्यानेच काढून टाकली.

तिची हार झाली की जीत, असे मला कुणी विचारले तर मी जरा थांबेन. लग्न कायद्यात बसले नाही म्हणून ती शेवटपर्यंत मिसेस फिट्झहर्बर्टच राहिली, आणि म्हणून तिचे घर, तिचे उत्पन्न, तिची सही तिच्याच हाती राहिली. ज्या कायद्याने तिला बायको मानले नाही, त्यानेच तिचे स्वातंत्र्यही शाबूत ठेवले. पण या सोयीवर ती समाधान मानून राहिली नाही. तिला किताब नको होता, गादी नको होती. मी त्याची बायको होते, एवढेच तिला लिहून हवे होते. ते शिल्प मिनीने करवून घेतले. तिने आईसारख्या त्या बाईच्या बोटांत दोन नव्हे, तीन अंगठ्या घालायला सांगितल्या.