बेस गिटारची मान का वाकते? तारेची जाडी आणि ताणाचं गणित समजून घ्या

लग्नसराई असो की गणपती, गावोगावच्या ऑर्केस्ट्रात आता बेस गिटार दिसतेच. जाड तारांचा नवा संच टाकला की आठ-पंधरा दिवसांत पोरं म्हणतात, "तारा लई वर आल्यात, दाबायला जड जातंय." बहुतेक वेळा दोष मानेचा, म्हणजे नेकचा असतो.

चार तारांच्या बेसला 45 ते 105 हा संच सर्रास चालतो. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले. बारीक तार साधारण 1.1 मिलिमीटर, जाड 2.7. तारेची वाजती लांबी बहुतेक बेसमध्ये 34 इंच असते. 1951 साली अमेरिकेत फेंडर कंपनीनं प्रिसिजन बेस काढला, तेव्हापासून हे माप रुळलं. सुरात लावल्यावर चारही तारांची मिळून ओढ साधारण 75 ते 85 किलो भरते. म्हणजे खताच्या दीड गोणीएवढी, तीही रात्रंदिवस!

जाड तार वजनदार, म्हणून तोच सूर काढायला तिला ताण जास्त लागतो. तीच तार नुसता अर्धा सूर चढवली तरी ताण सुमारे 12 टक्के वाढतो. गायकानं पट्टी वाढवली म्हणून तारा पिळत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

शेताला तारेचं कुंपण करताना तार ताणली की कोपऱ्याचा खांब आत झुकतो, म्हणून आपण तिरका टेका देतो. मानेत तेच काम ट्रस रॉड ही लोखंडी सळई करते. तारा जाड झाल्या की मान पुढं वाकते. बारीक टाकल्या की ओढ कमी पडते, सळईचा जोर जास्त होतो आणि तारा फ्रेटला घासून खरखरतात.

तपासायचं असं. गिटार सुरात लावा. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथं धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली साधारण 0.3 मिलिमीटर, जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी. जास्त असेल तर रॉडचा नट आवळा, फट नसेल तर सैल करा. एका वेळी पाव फेराच. मग परत सूर लावून बघा. आमच्या भावकीतल्या एका पोरानं जोर लावून एकदम दोन फेरे दिले, आटे गेले, आख्खी मान बदलावी लागली. नट जड लागला तर कारागिराकडंच न्या.

आणखी एक, जाड तार वरच्या टोकाच्या खाचेत नीट बसत नसेल तर खाच रुंद करून घ्यावी लागते. नाहीतर तार वरच राहते आणि लोक उगाच सळई पिळत बसतात.