सुई कोणाच्या हाती?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाहून पूर्वेला निघून वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली येते. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली. १९९३ नंतर तिथे एका इंजेक्शनाची परीक्षा सुरू झाली.

औषध नवं नव्हतं. जेंटामायसिन हे प्रतिजैविक डॉक्टरांच्या रोजच्या वापरातलं. प्रश्न वेगळाच होता: पाचवी-दहावीपर्यंत शिकलेली गावातली बाई ते तान्ह्या बाळाला घरी टोचू शकेल का?

त्याच १९९३ साली अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरच्या इंटरफेरॉन बीटा या इंजेक्शनाला परवानगी मिळाली. तिथे ३७२ रुग्णांवर चाचणी झाली होती आणि एकाआड एक दिवस रुग्ण स्वतःच सुई टोचून घेत. गडचिरोलीतल्या रुग्णाला मात्र अजून मानही धरता येत नव्हती.

३९ गावांत आरोग्यदूत नेमल्या गेल्या. तुलनेसाठी आणखी ४७ गावं होती. आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जाई, बाळाचं वजन करी, काखेत थर्मामीटर लावी, श्वास मोजी. रडणं क्षीण झालंय, हातपाय लुळे पडलेत, दूध ओढणं थांबलंय, बेंबीतून पू येतोय – अशा ठरलेल्या खुणांपैकी किमान दोन एकाच वेळी दिसल्या, तर जंतुदोष समजायचा. आईबाप तयार असतील तरच औषध सुरू व्हायचं: तोंडाने कोट्रायमोक्साझोल आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन.

डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने निकाल छापला. आरोग्यदूतांच्या गावांत पहिल्या महिन्यातले मृत्यू हजार जन्मांमागे ६२ वरून सुमारे २५ वर आले होते. तुलनेच्या गावांत ते ६० च्या आसपासच राहिले. जंतुदोष झालेल्या बाळांत पूर्वी शंभरातली सोळा-सतरा दगावत; उपचारानंतर तीनही नाहीत. अर्थात हे श्रेय एकट्या सुईचं नव्हतं. ऊब, स्तनपान, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं हेही त्याच घरभेटींत होत होतं.

२०११ मध्ये केंद्र सरकारने नवजात बाळाची घरगुती काळजी देशभरातल्या ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांकडे सोपवली, पण इंजेक्शन वगळून. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ते ठरावीक परिस्थितीत द्यायची मुभा मिळाली ती एएनएमना, म्हणजे प्रशिक्षित परिचारिकांना.