वेदीवरची नावे
‘तुमच्यासाठी प्रार्थना करीन’ असे आपण सहज म्हणतो आणि दोन दिवसांत विसरतो. त्यामागे मन कोरडे असते असे नाही; आठवण तोकडी पडते. चर्चने सुरुवातीच्या शतकांतच हे ओळखले आणि नावे लिहून ठेवायला घेतली. दोन फळ्या बिजागरीने जोडून पुस्तकासारखी मिटणारी पाटी करत, तिला डिप्टिक म्हणत. तिच्यावरची जिवंतांची आणि मृतांची नावे उपासनेत वेदीजवळ वाचली जात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सहाव्या शतकातली एक हस्तिदंती पाटी आहे. पुढच्या बाजूला घोड्यावर बसलेला विजयी सम्राट कोरलेला आहे, आणि मागच्या बाजूला सातव्या शतकात कुणीतरी शाईने नावांची रांग लिहिली आहे. दरबारी डौलाची वस्तू प्रार्थनेची यादी होऊन बसली. या याद्यांमुळे प्रार्थना यांत्रिक झाली, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मला उलट वाटते. माणसाची प्रार्थना त्याच्या आवडीनिवडीच्या कुंपणाबाहेर गेली ती याच याद्यांमुळे.

संत ऑगस्टिनच्या आईचे, मोनिकाचे, उदाहरण घ्या. इसवी सन ३८७ मध्ये रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात ती मरणाच्या दारी होती. देह कुठेही पुरा, पण वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने मुलांना सांगितले. पुढे ऑगस्टिनने ‘कन्फेशन्स’मध्ये हे लिहिले आणि वाचकांनाच विनवले की माझ्या आईवडिलांची आठवण वेदीपाशी करा. मोनिकाला कधीही न पाहिलेली माणसे सोळा शतके तिचे नाव घेत आली, ती या लिहिलेल्या ओळींमुळे. मुलाचे प्रेम कितीही खरे असले तरी ते त्याच्याबरोबरच संपले असते.

यादी हातात असली की सत्ताही हातात येते, हे मात्र नाकारता येत नाही. संत जॉन क्रिसोस्तोम ४०७ मध्ये हद्दपारीत वारले आणि कॉन्स्टँटिनोपलच्या पाटीवर त्यांचे नाव नव्हते. काही वर्षांनी बिशप ॲटिकस यांनी ते परत घातले, तेव्हा अलेक्झांड्रियाच्या सिरिल यांनी त्याला विरोध केला. ५१९ मध्ये रोमशी समेट करताना दोन दिवंगत सम्राटांची नावेसुद्धा पुसावी लागली. हा दुरुपयोगच होता. पण नाव वाचण्याला लोकांच्या लेखी काहीच वजन नसते, तर ते पुसण्यासाठी इतका आटापिटा कुणी केला असता?

आठव्या-नवव्या शतकांत पाटी अपुरी पडली आणि पोथ्या आल्या. जर्मनीतल्या रायखेनाऊ बेटावरच्या मठाने ८२४ च्या सुमारास सुरू केलेल्या पोथीत सुमारे ३८,००० नावे आहेत. अनेक मठांनी एकमेकांच्या साधूंसाठी प्रार्थना करण्याचा करार केला होता, त्याची ही नोंदवही. इंग्लंडमधल्या डरहॅमच्या पोथीत मूळची नावे सोन्याच्या आणि चांदीच्या शाईने लिहिली आहेत. इतकी नावे रोज वाचणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. ती वाचली जात नसत. पोथी वेदीवर ठेवत आणि तिच्यातल्या सर्वांसाठी एकत्र प्रार्थना होई. तरीही प्रत्येक नाव कुणीतरी एकदा हाताने लिहिले होते. रायखेनाऊच्याच नीडरझेल चर्चमध्ये १९७६ मध्ये सापडलेल्या वेदीच्या शिळेवर तर शेकडो नावे थेट दगडावर कोरलेली आणि शाईने लिहिलेली आहेत. तिथे उपचार नाही, तळमळ दिसते.

पैशाचा आक्षेप सर्वांत जड आहे. श्रीमंतांनी देणग्या देऊन आपल्या नावाच्या प्रार्थना विकत घेतल्या, गरीब यादीबाहेर राहिले. १५४७ मध्ये इंग्लंडमध्ये मृतांसाठी मिस्सा चालवणाऱ्या देणग्यांच्या संस्थाच कायद्याने बंद झाल्या. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट आजही एकमत नाहीत. वसईत आणि गोव्यात मिस्साबलिदान कुणासाठी अर्पण होत आहे ते नाव घेऊन सांगितले जाते. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळींत तसे होत नाही. पण जिवंतांसाठी शिस्त लावायची गरज तिथेही होतीच. जर्मनीतल्या हेर्नहुट गावच्या मोरेव्हियन मंडळीने १७२७ मध्ये २४ पुरुष आणि २४ स्त्रियांमध्ये दिवसाचे तास वाटून दिले. ही मध्यस्थीची साखळी शंभराहून अधिक वर्षे चालली. पोथी गेली, घड्याळ आले. भरवसा मात्र लहरीवर ठेवला नाही.

सर्वांत अस्वस्थ करणारा पुरावा रशियाचा आहे. झार इव्हान ‘द टेरिबल’ने आयुष्याच्या अखेरीस, १५८४ मधल्या मृत्यूच्या थोडे आधी, आपण मारवलेल्या माणसांच्या याद्या सरकारी कागदांवरून करवून घेतल्या आणि प्रार्थनेसाठी देणग्यांसह मठांना पाठवल्या. याला कुणी ढोंग म्हणेल, कुणी भीती. झारच्या मनात काय होते त्याचा निवाडा माझ्या हाती नाही. पण राजद्रोही ठरवून ज्यांचे नाव घेणेही धोक्याचे होते, त्यांची नावे त्याच झारच्या हुकमाने वेदीपुढे वाचली गेली. मूळ याद्या हरवल्या, मठांतल्या नकला उरल्या आणि विसाव्या शतकात इतिहासकारांनी त्यांवरूनच त्या दहशतीचा हिशेब मांडला. नोव्हगोरोद शहरावरच्या त्याच्या १५७० च्या मोहिमेची नोंद त्यांत आहे : हाताने मारलेले १,४९०, बंदुकीने मारलेले १५. यांतल्या बहुतेकांची नावे लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हती. तिथे फक्त आकडा लिहिला आहे आणि नावे देवाला माहीत आहेत, एवढीच पुस्ती जोडली आहे.