महिंद्रा युनायटेड : उदय, वैभव व अस्त

देवळाच्या महोत्सवी अंकात फुटबॉलच्या एका क्लबाचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न पुष्कळ वाचकांच्या मनात उभा राहील, आणि तो रास्तही आहे. परंतु संत पौलाने करिंथ येथील बांधवांस उपदेश करताना शर्यतीत धावणाऱ्यांचा व मुष्टियुद्ध खेळणाऱ्यांचा दाखला देण्यास संकोच केला नाही. कारण त्या नगरीच्या शेजारीच प्रसिद्ध इस्थमियन क्रीडामहोत्सव भरत असे, व श्रोत्यांस तो दाखला तत्काळ उमगणारा होता. तुरीनच्या संत जॉन बोस्कोने (१८१५–१८८८) तर रस्त्यावरची पोरकी मुले खेळाच्या अंगणातूनच प्रार्थनेकडे वळविली. आपल्या लालबाग-परळ भागातील कॅथलिक घराण्यांस, मग ती ईस्ट इंडियन असोत, गोमंतकीय असोत की मंगळुरी, फुटबॉल हा खेळ परका नाही. सबब त्यातील एका नामांकित संस्थेचे चरित्र आपण डोळसपणे वाचले, तर आपल्या संस्थांविषयीही काही बोध घेता येईल, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

मुंबईत हा खेळ मुळात गोऱ्या पलटणींनी आणला. १८९१ साली येथे रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली, आणि तिचा पहिला मान वूस्टरशायर पलटणीने मिळविला. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक हा चषक लष्करी संघांच्याच हाती फिरत राहिला. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स या संघाने तो प्रथम हिंदी लोकांच्या हाती आणला, व १९४० साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने तो जिंकला. हे सामने पाहावयास कूपरेजच्या मैदानावर गिरणगावातूनही मंडळी जात. १९६४ साली ट्राम बंद होईपर्यंत लालबागच्या रस्त्यावरून ट्रामने बोरीबंदरापर्यंत जावे व तेथून पुढे पायी चालत मैदान गाठावे, हा पुष्कळांचा परिपाठ होता.

पलटणी गेल्यावर खेळाचा भार उचलला तो कचेऱ्यांनी, कारखान्यांनी व गिरण्यांनी. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ओर्के मिल, पश्चिम रेल्वे, एअर इंडिया ही नावे त्या काळच्या मुंबईच्या फुटबॉलमध्ये सर्वतोमुखी होती. या व्यवस्थेचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. खेळाडूस प्रथम नोकरी मिळे. हजेरीपटावर नाव चढे, महिन्याचा पगार सुरू होई, सामन्याच्या व सरावाच्या वेळी कामातून सवलत मिळे, आणि पाय थकल्यावरही नोकरी शाबूत राही. गरीब घरच्या मुलास याहून मोठा आधार कोणता? गोव्याहून आलेले, माझगाव-धोबीतलावच्या कुडांत एका पेटीपुरती जागा धरून राहणारे कितीतरी तरुण या वाटेने संसारास लागले. गोव्यातील आसगाव येथे जन्मलेला नेव्हिल डिसूझा हा टाटांच्या संघाचा खेळाडू. त्याने १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल केले, आणि हिंदुस्थानने तो सामना ४–२ असा जिंकून उपान्त्य फेरी गाठली. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू होय.

याच परंपरेत १९६२ साली महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीने आपला फुटबॉल संघ उभा केला. ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली, आणि पुढे जीपगाडीमुळे तिचे नाव घरोघर पोहोचले. आरंभी हा संघ इतर कचेऱ्यांच्या संघांसारखाच होता. मुंबईच्या हारवुड लीगमध्ये त्याने पाय रोवले व हळूहळू शहराबाहेरच्या स्पर्धांतही नाव कमाविले. १९९६ साली देशात प्रथमच राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, आणि खेळाचे रूप पालटले. आता नोकरीऐवजी करार आला. परदेशी खेळाडू आले. वर्षभर देशभर प्रवास आला. आणि अर्थात खर्चही त्या मानाने वाढला. २००० साली संघाने महिंद्रा युनायटेड असे नाव धारण केले. नावातील हा बदल म्हणजे कचेरीचा संघ मागे पडून व्यावसायिक क्लब पुढे आल्याची खूणच होती.

यानंतरची दहा वर्षे ही या क्लबाच्या वैभवाची होत. दिल्लीचा ड्युरंड चषक त्याने १९९८, २००१ व २००८ असा तीन वेळा जिंकला. फेडरेशन चषक २००३ व २००५ साली, आणि कलकत्त्याची आय.एफ.ए. ढाल २००६ व २००८ साली त्याने मुंबईस आणली. परंतु कळस चढला तो २००५–०६ च्या मोसमात. डेरिक परेरा या गोमंतकीय प्रशिक्षकाच्या हाताखाली संघाने फेडरेशन चषकाबरोबर राष्ट्रीय लीगचेही अजिंक्यपद मिळविले, आणि ईस्ट बंगाल व मोहन बागान या बलाढ्य संघांस मागे टाकले. घाना देशाचा युसुफ याकुबू व ब्राझीलचा होसे रामिरेझ बॅरेटो यांच्यासारखे खेळाडू त्या वेळी संघात होते. राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा हा पहिलाच संघ. त्याच्या पुढल्याच वर्षी आशियाई चषकस्पर्धेत त्याने उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली.

आणि २०१० साली हा क्लब बंद झाला.

तो हरत चालला होता म्हणून नव्हे, किंवा कंपनी डबघाईस आली होती म्हणूनही नव्हे. त्या वर्षी कंपनीने जाहीर केले, की चालू मोसम संपताच संघ विसर्जित होईल व यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष दिले जाईल. अठ्ठेचाळीस वर्षांची संस्था एका निर्णयाने इतिहासजमा झाली. देशाचे अजिंक्यपद मिळवून तिला जेमतेम चार वर्षे झाली होती.

येथे कंपनीस दोष देण्याचा मोह आवरला पाहिजे. ज्याने अठ्ठेचाळीस वर्षे पदरचे घालून शेकडो तरुणांस मैदान दिले, त्याने हात आखडता घेतला म्हणून त्यास कृतघ्नपणे बोल लावणे हे न्यायाचे नव्हे. मालकाचे दान मालकाच्या मर्जीवर असते; ते त्याने दिले तोवर आभार मानावे हेच योग्य. खरा विचार करावयाचा तो दुसऱ्या बाजूचा. क्लब बंद होणार हे कळल्यावर त्यास थोपवून धरणारे कोण होते? वर्गणी भरणारे व सभेत मत मांडणारे सभासद नव्हते. प्रेक्षकांच्या तिकिटांवर संघाचा चरितार्थ चालत नव्हता. कोणत्याही एका पेठेस, चाळीस अगर वाडीस हा क्लब आपलाच असे छाती ठोकून सांगता येत नव्हते. टाळ्या वाजविणारे पुष्कळ होते; भार उचलणारा एकच होता. त्या एकाने खांदा काढताच डोलारा खाली आला.

ही केवळ महिंद्राची कथा नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार उतरले. त्यानंतर आपल्या डोळ्यांदेखत लालबाग-परळच्या चिमण्या थंडावल्या, आणि गिरण्यांच्या आश्रयावर चाललेला खेळही त्यांच्यामागून ओसरला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा पंजाबातील जे.सी.टी. गिरणीचा संघ २०११ साली बंद पडला. एअर इंडियाचा संघ नव्या नियमांच्या अटी पुऱ्या न केल्यामुळे २०१३ साली देशाच्या मुख्य लीगबाहेर गेला. २०१६ साली गोव्याच्या धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या तीन नामांकित क्लबांनी त्याच लीगमधून अंग काढून घेतले. मुंबईतच २००७ साली मुंबई एफ.सी. नावाचा नवा क्लब निघाला होता. तोही २०१७ साली खालच्या श्रेणीत घसरला व नाहीसा झाला. २०१४ पासून मुंबई सिटी या नव्या क्लबाने मोठी अजिंक्यपदे मिळविली खरी. तथापि मुळाचा प्रश्न त्याच्यापुढेही तोच आहे.

आता याच्या उलट दाखले पाहू. कलकत्त्याचा मोहन बागान क्लब १८८९ साली स्थापन झाला. पलटणी गेल्या, संस्थाने गेली, प्रांताची फाळणी झाली, तरी तो टिकला; कारण त्यास पिढीजाद सभासद आहेत. २०२० साली एका धनाढ्य उद्योगसमूहाशी त्याचा संयोग होऊन नावाआधी दुसऱ्याच संघाची अक्षरे लागली. चाहत्यांनी ती हटविण्याचा आग्रह सोडला नाही, आणि २०२३ साली ती गेली. पैसा उद्योगपतीचा असला, तरी नाव आमचे, असे ठणकावून सांगणारे लोक तेथे होते.

दुसरा दाखला मिझोरामचा. त्या डोंगराळ प्रांताची वस्ती २०११ च्या शिरगणतीप्रमाणे अकरा लक्षांच्याही आत, आणि तीत दर शंभरांत सत्त्याऐंशी ख्रिस्ती. तेथील आयझोल क्लबाने २०१६–१७ साली देशाचे अजिंक्यपद मिळविले, आणि ईशान्य भारतातून असा मान मिळविणारा तो पहिला क्लब ठरला. त्याचा प्रशिक्षक कोण? तर महिंद्रा, एअर इंडिया व मुंबई एफ.सी. या मुंबईच्या तिन्ही संघांकडून खेळलेला, व मुंबई एफ.सी. चा २००९ पासून २०१६ पर्यंत प्रशिक्षक असलेला खालिद जमील. पुढे २०२५ साली तोच भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. ज्या मोसमात मुंबई एफ.सी. चे पतन झाले, नेमक्या त्याच मोसमात मुंबईत घडलेल्या या माणसाने आयझोल शिखरावर नेले. म्हणजे मुंबईस गुणी माणसांची वाण नव्हती. आश्रयदाता आयझोलासही लागतो. परंतु तेथे सामन्याच्या दिवशी गावच्या गाव मैदानावर लोटते. मुंबईस वाण पडली ती अशा गावाची.

लालबागकरांस हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. येथील पेरूचाळीतील कोळी बांधवांनी व व्यापाऱ्यांनी १९३४ साली हक्काच्या बाजारासाठी केलेल्या नवसातून सार्वजनिक गणेशोत्सव आरंभिला, तो गिरण्या बंद पडल्यावरही चालू राहिला. आपली श्रद्धा वेगळी. पण शेजाऱ्याचा गुण पाहून शिकण्यास धर्माची आडकाठी नाही. ज्या कार्यात घरोघरीची वर्गणी पडली, ते कार्य मालकांच्या चढउतारास पुरून उरले.

आता आपल्याकडे वळू. ख्रिस्तसभेचे कोणतेही कार्य परमेश्वराच्या कृपेवाचून उभे राहत नाही, हे तर खरेच. परंतु कृपेचे कार्य प्रभू माणसांच्या हातून करवून घेतो. आणि जेथे चारदोन उदार दात्यांनी द्यावे व इतरांनी बाकांवर बसून पाहावे अशी रीत पडते, तेथे दाते मागे सरताच देवळाची अवस्थाही महिंद्रा युनायटेडसारखी होण्यास वेळ लागत नाही. विधवेच्या दोन दमड्यांस प्रभूने मोठ्या दानाहून अधिक लेखिले, त्यातील एक मर्म मला हेही वाटते, की त्या दमड्यांबरोबर ती स्वतः मंदिराची भागीदार झाली.

म्हणून या महोत्सवप्रसंगी धर्मग्रामातील मंडळींस दोन विनंत्या आहेत. पहिली ही, की देवळाचे अंगण मुलांच्या खेळास सायंकाळी मोकळे राहावे. चेंडूचा आवाज प्रार्थनेस बाधक होतो असे कोणी म्हणेल, तर त्याने संत जॉन बोस्कोचे चरित्र वाचावे. पूर्वी ज्या मुलास गिरणीचा किंवा कचेरीचा संघ नोकरी देई, त्यास आज तो आधार राहिलेला नाही; निदान अंगण तरी असावे. दुसरी ही, की मुलांच्या संघाचा खर्च कोणा एका धनिकाकडे मागू नये. चेंडू, बूट व प्रवास यांसाठी प्रत्येक कुटुंबाने यथाशक्ती थोडे द्यावे, त्याचा हिशेब दरवर्षी देवळाच्या फलकावर लागावा, आणि सामना असेल त्या दिवशी वडीलधाऱ्यांनी मैदानावर जाऊन उभे राहावे. चषक मिळेल अगर न मिळेल. पण तो संघ विसर्जित करण्याचा अधिकार कोणा एकाच्या हाती राहणार नाही.

महिंद्रा युनायटेडच्या खेळाडूंनी मुंबईस जो मान मिळवून दिला, त्याचे कृतज्ञतेने स्मरण करावे, आणि त्याच्या अस्तातून जे शिकावयाचे ते शिकून प्रभूने आपल्या हाती सोपविलेले हे घर सर्वांच्या खांद्यावर उभे ठेवावे, अशी सद्बुद्धी तो आपणां सर्वांस देवो, ही प्रार्थना.