एस्पेक–रॉस घराणे व रीव्हो मठ

एस्पेक–रॉस घराणे व रीव्हो मठ : इंग्लंडच्या उत्तर यॉर्कशरमधील हेल्म्स्ली येथील जहागीरदार घराणे व त्याच्या आश्रयाने ११३२ मध्ये स्थापन झालेला सिस्टर्शियन पंथाचा मठ. हेल्म्स्लीच्या पश्चिमेस सु. ५ किमी.वर राय नदीच्या अरुंद खोऱ्यात त्याचे भव्य अवशेष आहेत. ‘रायचे खोरे’ या अर्थाच्या लॅटिन नावाचे नॉर्मन-फ्रेंच रूप म्हणजे ‘रीव्हो’. जमीनदाराने ईश्वरास कायमची दिलेली भूमी चारशे वर्षांनी त्याच्याच बहिणीच्या वंशजाच्या हाती परत कशी आली, याचे हा मठ एक ठळक उदाहरण आहे. मध्ययुगीन इंग्लंडमधील धर्मदान, वारसाहक्क व राजसत्ता यांचे परस्परसंबंध त्यावरून स्पष्ट होतात.

संस्थापक : मठाचा संस्थापक वॉल्टर एस्पेक (मृ. सु. ११५४) हा पहिल्या हेन्रीच्या (कार. ११००–३५) विश्वासू अधिकाऱ्यांपैकी एक होता. बेडफर्डशरमधील वॉर्डन, यॉर्कशरमधील हेल्म्स्ली आणि नॉर्थंबरलंडमधील ट्वीड नदीकाठचे वॉर्क येथे त्याच्या जहागिरी होत्या. उत्तरेकडील परगण्यांत राजाचा न्यायाधीश म्हणून तो फिरत असे. नॉर्मन विजयानंतर विल्यम राजाने १०६९–७० मध्ये उत्तर इंग्लंडवर केलेल्या दंडात्मक स्वारीत यॉर्कशरमधील अनेक गावे उद्ध्वस्त झाली होती. अशा प्रदेशात राजाची सत्ता दृढ करण्यासाठी पहिल्या हेन्रीने जी नवी माणसे पुढे आणली, त्यांत एस्पेकची गणना होते. किल्ला व मठ ही दोन्ही या नव्या सत्तेची दृश्य चिन्हे होती. एस्पेकने हेल्म्स्ली व वॉर्क येथे किल्ले बांधले, त्याचप्रमाणे सु. ११२२ मध्ये डर्वेंट नदीकाठी कर्कम येथे ऑगस्टिनियन पंथाचा मठ स्थापन केला.

एस्पेकला पुत्रसंतती नव्हती. घोड्यावरून पडून मृत्यू पावलेल्या एकुलत्या एका मुलाच्या स्मरणार्थ त्याने हे मठ स्थापन केले, अशी एक आख्यायिका आहे. परंतु ती पुष्कळ नंतरची असून समकालीन लेखांत तिला आधार सापडत नाही. त्याच्या तीन बहिणींच्या विवाहसंबंधांमुळे जहागिरीचे विभाजन होणार हे मात्र स्पष्ट होते. पुत्र नसलेल्या जमीनदाराच्या दृष्टीने मठ हा एक प्रकारचा वारसच असे. कारण मठ मरत नाही, त्याची वाटणी होत नाही आणि दात्याच्या आत्म्यासाठी तो नित्य प्रार्थना करीत राहतो.

मठाची स्थापना : सिस्टर्शियन पंथाचा उगम १०९८ मध्ये फ्रान्समधील सीतो येथे झाला. बेनिडिक्टच्या नियमांचे काटेकोर पालन, अंगमेहनत, साधे अन्नवस्त्र आणि लोकवस्तीपासून दूर वास्तव्य ही या पंथाची वैशिष्ट्ये होत. इंग्लंडमधील त्याचा पहिला मठ ११२८ मध्ये सरी परगण्यात वेव्हर्ली येथे निघाला होता. तथापि उत्तरेकडे या पंथाचा प्रवेश झाला तो रीव्होच्या रूपाने. क्लेअरव्होचा मठाधिपती संत बर्नार्ड (१०९०–११५३) याने आपला लेखनिक विल्यम याच्या नेतृत्वाखाली भिक्षूंचा एक गट इंग्लंडला पाठविला. पहिला हेन्री, यॉर्कचा आर्चबिशप थर्स्टन आणि एस्पेक या तिघांची त्यास संमती होती. ५ मार्च ११३२ रोजी मठाची विधिवत स्थापना झाली. या भिक्षूंच्या उदाहरणाने यॉर्कच्या सेंट मेरी मठातील काही साधू अस्वस्थ झाले व त्यांनी तो मठ सोडला; त्यातूनच त्याच वर्षाच्या अखेरीस फाउंटन्स हा प्रसिद्ध मठ उदयास आला.

एस्पेकने प्रारंभी ग्रिफ व टाइलस्टन येथील नऊ कॅरुकेट जमीन दिली. आठ बैलांच्या एका नांगराने वर्षभरात कसता येईल तेवढ्या जमिनीला कॅरुकेट म्हणत. पुढे त्याने बिल्सडेल हे विस्तीर्ण खोरेही मठाला दिले. अशी जमीन लष्करी सेवेच्या व सामान्य करभाराच्या बंधनातून मुक्त असे. तिच्या मोबदल्यात दाता, त्याचे पूर्वज व राजा यांच्यासाठी प्रार्थना करणे एवढेच मठाचे कर्तव्य असे. हे दान कायमचे मानले जाई. मात्र संस्थापकाचा मठावरील संबंध दानाबरोबर संपुष्टात येत नसे. मठात दफन होण्याचा मान, पाहुणचार, संकटकाळी मठाचे संरक्षण आणि मठाच्या कारभारात सल्ला देण्याचा अधिकार हे सर्व ‘संस्थापकत्वा’त अंतर्भूत असे. विशेष म्हणजे हे संस्थापकत्व जहागिरीप्रमाणेच वंशपरंपरेने पुढच्या पिढीकडे जाई. या तरतुदीचा परिणाम चार शतकांनंतर दिसून आला.

युद्ध व मठ : हेन्रीच्या मृत्यूनंतर इंग्लंडमध्ये स्टीफन व मटिल्डा यांच्यात गादीसाठी यादवी सुरू झाली. तिचा फायदा घेऊन स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याने उत्तर इंग्लंडवर स्वाऱ्या केल्या. ११३८ मध्ये त्याच्या सैन्याने वॉर्कच्या किल्ल्याला वेढा घातला आणि अखेर तो पाडला. त्याच वर्षी २२ ऑगस्ट रोजी नॉर्थॲलर्टनजवळ झालेल्या ‘ध्वजाच्या लढाई’त यॉर्कशरच्या सरदारांनी डेव्हिडचा पराभव केला. या सरदारांत वयोवृद्ध एस्पेक अग्रभागी होता.

या संघर्षाची झळ मठाच्या अंतरंगापर्यंत पोहोचणारी होती. ११३४ मध्ये रीव्होत दाखल झालेला एल्रेड (१११०–६७) हा पूर्वी डेव्हिडच्याच दरबारात अधिकारी होता. डेव्हिडने ११३६ मध्ये मेलरोझ येथे स्थापन केलेला मठ रीव्होच्याच भिक्षूंनी वसविला होता. म्हणजे ज्याच्या जमिनीवर भिक्षू राहत होते तो एस्पेक आणि ज्याच्या औदार्यावर त्यांची शाखा उभी राहिली तो डेव्हिड, हे दोघे रणांगणावर समोरासमोर आले. एल्रेडने पुढे या लढाईचा वृत्तांत लॅटिनमध्ये लिहिला. त्यात उंचापुरा, काळ्या केसांचा, लांब दाढीचा आणि तुतारीसारख्या आवाजाचा एस्पेक त्याने रंगविला आहे. परंतु डेव्हिडविषयीचा आदरही त्याने लपविलेला नाही. एस्पेकच्या व्यक्तिमत्त्वाविषयी जी माहिती मिळते, ती मुख्यत्वे या वृत्तांतातून होय. आपण आश्रय दिलेल्या मठातील एका भिक्षूच्या लेखणीमुळे हा जमीनदार इतिहासात जिवंत राहिला.

भरभराट : एल्रेड ११४७ पासून मृत्यूपर्यंत रीव्होचा मठाधिपती होता. त्याचा चरित्रकार वॉल्टर डॅनिएल याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या कारकीर्दीत मठात १४० भिक्षू व सु. ५०० श्रमबंधू आणि सेवक होते. श्रमबंधू हे व्रतस्थ असत. मात्र त्यांची उपासना अल्प व काम शेतीचे आणि कारागिरीचे असे. ग्रेंज नावाच्या दूरवरच्या शेतवाड्या तेच सांभाळीत. वॉर्डन (११३६), मेलरोझ (११३६), डन्ड्रेनन (११४२), रीव्हस्बी (११४३) व रफर्ड (११४६) या मठांची वसाहत रीव्होमधूनच झाली. यांपैकी वॉर्डन मठ एस्पेकनेच आपल्या बेडफर्डशरमधील जहागिरीत स्थापिला होता. आयुष्याच्या अखेरीस तो स्वतः रीव्होत भिक्षू म्हणून राहिला आणि तेथेच त्याचे दफन झाले.

खोरे अरुंद असल्यामुळे चर्चची वेदी प्रथेप्रमाणे पूर्वेस न येता जवळजवळ दक्षिणेस आली आहे. पुरेशी सपाट जागा मिळावी म्हणून भिक्षूंनी शेजारच्या जमीनदारांशी करार करून राय नदीचे पात्र टप्प्याटप्प्याने वळविले. नदीपलीकडे ११४३ मध्ये दुसऱ्या एका गटाने मठ थाटला, तेव्हा दोन्ही मठांच्या घंटांचे नाद एकमेकांत मिसळून उपासनेच्या वेळांचा घोटाळा होऊ लागला. परिणामी त्या गटाने ११४७ मध्ये तेथून स्थलांतर केले. हाच पुढे बायलंड मठ म्हणून प्रसिद्धीस आला. मेंढपाळी हा रीव्होच्या उत्पन्नाचा प्रमुख आधार होता. इटलीतील व्यापारी लोकरीची आगाऊ खरेदी करीत. मात्र तेराव्या शतकातील खर्चिक बांधकामे आणि मेंढ्यांतील खरजेची साथ यांमुळे मठ कर्जबाजारी झाला.

रॉस घराणे : एस्पेकच्या हॉइस, ॲल्ब्रेडा व ॲडेलिना या तीन बहिणींचे वंशज त्याचे वारस ठरले. हेल्म्स्लीची जहागीर ॲडेलिना व तिचा पती पीटर द रॉस यांच्या वंशाकडे गेली आणि तिच्याबरोबर रीव्हो व कर्कम येथील संस्थापकत्वही गेले. या घराण्यातील रॉबर्ट द रॉस (मृ. सु. १२२७) याने स्कॉटलंडचा राजा विल्यम याच्या मुलीशी विवाह केला. हेल्म्स्लीचा दगडी किल्ला त्याने उभारला. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या पंचवीस सरदारांत तो होता. रॉस घराण्यातील अनेकांचे दफन या दोन मठांत झाले आणि कर्कमच्या प्रवेशद्वारावर त्यांची कुलचिन्हे कोरलेली आहेत.

चौदाव्या शतकात मठाला उतरती कळा लागली. १३२२ मध्ये बायलंडच्या लढाईत स्कॉटिश सैन्याने दुसऱ्या एडवर्डच्या फौजेचा पराभव करून रीव्होची लूट केली. १३४८–४९ च्या प्लेगनंतर भिक्षूंची संख्या झपाट्याने घटली. १३८१ मध्ये मठाधिपती धरून अवघे पंधरा भिक्षू व तीन श्रमबंधू उरले होते. मनुष्यबळ नसल्याने जमिनी कुळांना खंडाने देण्यात येऊ लागल्या आणि मूळच्या स्वकष्टाच्या व्रतातून मठ सामान्य जमीनदार बनला.

रॉस घराण्यावरही संकट आले. गुलाबांच्या युद्धांत लँकेस्टर पक्षाची बाजू घेतल्यामुळे टॉमस रॉसचा १४६४ मध्ये शिरच्छेद झाला व जहागीर जप्त झाली. १४८५ मध्ये सातवा हेन्री गादीवर आल्यावर ती त्याचा मुलगा एडमंड याला परत मिळाली. परंतु तो १५०८ मध्ये निपुत्रिक मरण पावला. त्याची बहीण एलिनॉर हिचा विवाह मॅनर्स घराण्यात झाला होता. तिच्या वंशाकडे जहागीर व संस्थापकत्व गेले. अशा प्रकारे हा वारसा दुसऱ्यांदा बहिणीच्या द्वारे पुढे सरकला. एलिनॉरचा नातू टॉमस मॅनर्स हा १५२५ मध्ये रटलंडचा अर्ल झाला.

विसर्जन : आठव्या हेन्रीने (कार. १५०९–४७) रोमशी संबंध तोडल्यानंतर इंग्लंडमधील मठ बंद करण्यास १५३६ मध्ये प्रारंभ केला. डिसेंबर १५३८ मध्ये रीव्होच्या भिक्षूंनी मठ राजाच्या स्वाधीन केला. त्याची जागा व भोवतालची मालमत्ता राजाने रटलंडच्या अर्लला दिली. संस्थापकाचा वारस म्हणून त्याला हे दान परत घेण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता, कारण एस्पेकने जमीन कायमची दिली होती. मात्र राजाकडे मागणी करताना हे नाते उपयोगी पडत असे. छपराचे शिसे व घंटा यांवर राजाचा हक्क असल्याने इमारती काळजीपूर्वक उतरविण्यात आल्या. कोणत्या दालनातून काय काढावयाचे याच्या तपशीलवार याद्या अर्लच्या दप्तरात शिल्लक आहेत. वितळविलेल्या शिशाच्या राजमुद्रांकित लगडी कोसळलेल्या भिंतीखाली गाडल्या गेल्या होत्या; त्या विसाव्या शतकातील उत्खननात सापडल्या. भिक्षूंच्या काळापासून चालत आलेला लोखंडाचा धंदा अर्लच्या घराण्याने वाढविला व सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे झोतभट्टी उभारली.

मॅनर्स घराण्यातील कॅथरिन हिने १६२० मध्ये जॉर्ज व्हिलियर्सशी विवाह केला. पुढे बकिंगहॅमचा ड्यूक झालेल्या या सरदाराच्या वंशात जहागीर गेली. हे तिसरे स्त्रीद्वारा झालेले हस्तांतर होय. सतराव्या शतकाच्या अखेरीस ती चार्ल्स डंकम या लंडनच्या सावकाराने विकत घेतली आणि एस्पेकच्या वारसांशी असलेला तिचा संबंध कायमचा तुटला. डंकम घराण्याने सु. १७५८ मध्ये मठावरील टेकडीवर अवशेष न्याहाळण्यासाठी एक सौंदर्यपूर्ण सज्जा बांधला. १९१७ मध्ये अवशेष शासनाच्या ताब्यात आले व त्यांचे जतन सुरू झाले. सांप्रत इंग्लिश हेरिटेज ही संस्था त्यांची देखभाल करते.

रीव्होच्या इतिहासात दात्याचा हेतू सर्वस्वी विफल झाला असे म्हणता येत नाही. प्रार्थना थांबल्या, जमीन परक्यांच्या हाती गेली आणि घराण्याचे नावही तीनदा बदलले. परंतु एस्पेकच्या दानातून चारशे वर्षे एक समाज जगला. त्याने खोऱ्याची शेती, नदीचे पात्र व पाषाणकला यांवर आपला ठसा उमटविला आणि एल्रेडसारखा थोर लेखक घडविला. दान कायमचे राहिले नाही, तरी त्याची फळे टिकून राहिली.