परगावचा विद्यार्थी आणि साथीचा रोग

मुलगा शिकावयास परगावी निघाला म्हणजे घरात ज्या चिंता उत्पन्न होतात, त्यांत त्याच्या प्रकृतीची चिंता पहिली. इंदूर-ग्वाल्हेरचा मुलगा पुण्यास जावयाचा, बेळगावचा किंवा गोव्याचा मुंबईस जावयाचा, तेव्हा आई सुंठ-ओव्याच्या पुड्या ट्रंकेत घाली आणि वडील त्या गावी असलेल्या एखाद्या आप्तास चिठ्ठी लिहीत. मुलगा तापाने पडला तर उशाशी कोण बसणार, हा त्या चिठ्ठीमागचा प्रश्न. त्याचे उत्तर महाविद्यालयाने द्यावयाचे आहे ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेत ती कशी रुजली आणि १९१८ च्या साथीने तिची कशी परीक्षा पाहिली, त्याविषयी आज सांगणार आहे.

प्रारंभ झाला तो आजारी मुलांसाठी नव्हे, तर अशक्त मुलांसाठी. ॲमहर्स्ट महाविद्यालयाचे अध्यक्ष स्टर्न्स यांस विद्यार्थ्यांची ढासळती प्रकृती आणि अकाली मृत्यू पाहून उद्वेग वाटत असे. त्यांच्या आग्रहावरून तेथे आरोग्य व शारीरिक शिक्षण यांचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १८६१ मध्ये डॉक्टर एडवर्ड हिचकॉक यांनी त्याची सूत्रे हाती घेतली. हे गृहस्थ विद्यार्थ्यांची उंची, छाती, वजन मोजून वह्यांत लिहून ठेवीत, आणि हा उद्योग त्यांनी १९११ साली मृत्यू येईपर्यंत सोडला नाही. प्रिन्स्टनला मात्र वेगळेच घडले. तेथे १८८० मध्ये विषमज्वराची साथ आली व काही विद्यार्थी दगावले. रुग्णालय असे नव्हतेच. अध्यक्ष मॅकॉश यांच्या पत्नी इझाबेला या आजारी मुलांच्या खोल्यांवर स्वतः जात, त्यांना खाणेपिणे नेऊन देत, त्यांची शुश्रूषा करीत. पुढे विद्यार्थ्यांसाठी रुग्णालय उभे राहिले ते याच बाईंच्या नावाने.

परंतु एकटी माउली किती खोल्यांवर जाणार? कॉर्नेल विद्यापीठावर १९०३ च्या हिवाळ्यात जो प्रसंग आला तो कोणाच्याही मायेला आटोपणारा नव्हता. इथाका हे तेरा-एक हजार वस्तीचे गाव. विद्यापीठ टेकडीवर, आणि बहुतेक मुले गावातील खाणावळीवजा बिऱ्हाडांत राहणारी. गावास पाणी पुरविणारी कंपनी खाजगी होती. ती ओढ्याचे पाणी न गाळता नळांत सोडी. जानेवारीत विषमज्वराचे रुग्ण दिसू लागले आणि पाहता पाहता त्यांची संख्या सुमारे १३५० झाली. मृत्यू ८२ झाले. त्यांत कॉर्नेलचे २९ विद्यार्थी होते. विद्यापीठाचे रुग्णालय होते, सेज नावाच्या धनिकाच्या हवेलीत ते पाच वर्षांपूर्वीच उघडले होते. पण ते अशा संख्येसाठी नव्हते. शेकडो मुले घाबरून घरी पळाली. कित्येकांनी ताप अंगातच नेला. साथीचा माग काढण्यास जॉर्ज सोपर नावाचे अभियंते आले, विहिरी व शौचकूप तपासले गेले आणि पाणी उकळून पिण्याची सक्ती झाली. आजारी विद्यार्थ्यांचा खर्च अँड्र्यू कार्नेगी यांनी सोसला, पाणी गाळण्याच्या यंत्रणेसही पैसा दिला. उदारपणा खराच, तथापि ही यंत्रणा आदल्या वर्षी असती तर त्या उदारपणास एवढा वाव राहिला नसता, हेही खरे.

कॅलिफोर्नियात तीनच वर्षांनी निराळी वाट सापडली. एप्रिल १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने व आगीने उद्ध्वस्त झाले, आणि खाडीपलीकडे बर्कलेच्या विद्यापीठात निर्वासितांसाठी तात्पुरते रुग्णालय उघडावे लागले. गर्दी ओसरल्यावर डॉक्टर रेनहार्ट यांनी हीच सोय विद्यार्थ्यांसाठी कायम करविली. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्राच्या आरंभी थोडी फी भरावयाची आणि आजारी पडल्यास डॉक्टर, औषध व खाट यांवर त्याचा हक्क राहावयाचा. दानधर्म नाही, कोणाची कृपा नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच.

आता १९१८ चे वर्ष. महायुद्ध ऐन भरात होते. सप्टेंबरात बॉस्टनजवळच्या डेव्हन्स छावणीत इन्फ्ल्युएन्झाने असा कहर केला की छावणीतील शवागारही अपुरे पडले. मिशिगनच्या वैद्यकीय शाखेचे प्रमुख व्हिक्टर व्हॉन यांनी ते दृश्य डोळ्यांनी पाहिले. सैन्यभरतीचे मुख्य अधिकारी जनरल क्राउडर यांनी साथीपायी ऑक्टोबरातील १,४२,००० जवानांना बोलावणे २६ सप्टेंबरला रद्द केले. येथवर सारे विचारास धरून झाले. परंतु पाचच दिवसांनी, १ ऑक्टोबर रोजी, देशातील पाचशेहून अधिक महाविद्यालयांत सुमारे १,४०,००० विद्यार्थ्यांना 'विद्यार्थी सैनिक प्रशिक्षण दला'त दाखल करून घेण्याचा समारंभ बहुतेक ठिकाणी ठरल्याप्रमाणे पार पडला! मुलांची नावे पटावर विद्यार्थी म्हणून होती, पण ती राहणार बराकीत. व्यायामशाळांत खाटेला खाट लावली गेली. एका पंगतीत जेवण, एका रांगेत कवायत. आणि हा रोग तर असा, की म्हातारे व तान्ही मुले यांबरोबरच वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांनाही वेचून नेई. छावणीत जे धोक्याचे म्हणून टाळले, तेच महाविद्यालयात केले गेले.

त्या वेळी या तापावर औषध नव्हते. फायफर यांनी वर्णिलेल्या जंतूला पुष्कळ डॉक्टर दोषी धरीत होते. खरा विषाणू मनुष्यात सापडला तो १९३३ साली. तेव्हा उपचार म्हणजे स्वच्छ अंथरूण, पाणी, पातळ अन्न आणि रात्रीबेरात्री पाहणारे माणूस. परिचारिकांपैकी पुष्कळजणी युरोपात युद्धावर गेलेल्या. ज्या विद्यापीठात आरोग्यसेवा आधीपासून घडी बसवून चालू होती, तिला निदान इमारती ताब्यात घेऊन खाटा मांडता आल्या. बर्कलेत तसे झाले. मुखपट्ट्यांची सक्ती झाली आणि विद्यार्थिनी बसून त्या शिवू लागल्या. विरळ जाळीच्या कापडाचा उपयोग बेताचाच, पण हातास काम होते.

फिलाडेल्फियात तर पाळीच उलटली. तेथे विद्यार्थ्यांना रुग्णसेवेस जावे लागले. २८ सप्टेंबरला युद्धकर्जाची प्रचंड मिरवणूक निघाली होती. त्यानंतरच्या काही आठवड्यांत शहरात बारा हजारांवर माणसे मेली. वैद्यकीय वर्ग बंद करून वरच्या वर्गातील मुलांना तात्पुरत्या रुग्णालयांत पाठविले गेले. त्यांत आयझॅक स्टार नावाचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता. पुढे हृदयविकाराचे संशोधक म्हणून तो नावाजला आणि १९७६ मध्ये त्याने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. या तापावर एक व्याख्यान, एवढीच त्याची तयारी. रुग्णांचे चेहरे निळसर पडत, तोंडातून रक्तमिश्रित फेस येई, आणि बघता बघता खाटा रिकाम्या होऊन पुन्हा भरत.

आपल्या देशात याच साथीने कोटीहून अधिक जीव घेतले, हे श्रोत्यांस ठाऊकच आहे.

डिसेंबरात ते सैनिकी दल मोडले. विद्यापीठांच्या डॉक्टरांनी १९२० मध्ये आपली संघटना स्थापिली आणि बर्कलेसारखी व्यवस्था हळूहळू इतरत्र पसरली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गणवेशातील मुले महाविद्यालयांत आली. मात्र या खेपेस, १९४३ च्या शरदात, टॉमस फ्रान्सिस व जोनास सॉल्क यांच्या मंडळाने अशा सुमारे १२,५०० तरुणांवर इन्फ्ल्युएन्झाच्या लशीचा प्रयोग केला. थोड्याच आठवड्यांत साथ आलीच. लस न टोचलेल्यांत शेकडा सात आजारी पडले, टोचलेल्यांत शेकडा दोन.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा विद्यापीठांनी १९१८ च्या अगदी उलट केले: वसतिगृहे रिकामी करून मुलांना घरी धाडले. पण भारताने २२ मार्चपासून परदेशची विमाने बंद केली, आणि मायदेशी येणारी खास विमाने सुरू झाली ती ७ मे रोजी. मधल्या काळात आपल्याकडची कितीतरी मुले तेथेच अडकली. ज्यांना जावयास घर नव्हते त्यांना अर्ज केल्यावर वसतिगृहात राहू दिले गेले, आणि जेवणाची पुडकी घेऊन ती आपल्या खोल्यांत बसली. ऑगस्टात वर्ग पुन्हा उघडले तेव्हा इलिनॉय विद्यापीठाने प्रत्येकाची लाळ आठवड्यातून दोनदा तपासण्यास प्रारंभ केला. ती तपासणी विद्यापीठातल्याच शास्त्रज्ञांनी शोधून काढलेली होती.