घर बदलणाऱ्या लहरी

विमानांच्या लहान प्रतिकृती उडविणाऱ्या हौशी लोकांच्या मैदानावर एके काळीं एक लांकडी फळी टांगलेली असे. प्रत्येक कंपनसंख्येसाठीं तिच्यावर एक खूण व एक चिमटा असावयाचा. ज्याला विमान उडवावयाचें असेल त्यानें आपल्या कंपनसंख्येचा चिमटा उचलून जवळ ठेवावा, आणि तो जागेवर नसेल तर दुसऱ्या कोणीं त्या कंपनसंख्येचा प्रक्षेपक सुरू करूं नये, असा दंडक होता. तो मोडला कीं आकाशांतील विमान बेताल होई. कारण एकाच वेळीं दोघांच्या आज्ञा कानीं पडल्यावर ग्राहकयंत्राला आपला धनी कोण हें उमगत नसे. कांहीं किलो वजनाचें, गरगरत्या पंख्याचें विमान माणसांच्या घोळक्यावर कोसळणें हा खेळ नव्हे. ही फळी कां लागली व पुढें ती कशी नाहींशी झाली, याची हकीकत बोधप्रद आहे.

बिनतारी लहरींनीं दुरून यंत्र चालविण्याचा प्रयोग निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें दाखविला. त्याची छोटी नौका हौदांत हुकमाप्रमाणें वळूं लागली, तेव्हां प्रेक्षक थक्क झाले. पुढें १९३७ सालीं अमेरिकेंतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं ‘गफ’ नांवाचें लहान विमान याच रीतीनें उडविलें. छंद वाढला तशी लहरींची दाटी झाली. अमेरिकेंत ७२ व ब्रिटनमध्यें ३५ मेगाहर्ट्झच्या आसपासची चिंचोळी पट्टी या छंदासाठीं राखण्यांत आली. प्रक्षेपकांत ठराविक स्फटिक बसविला कीं त्याची कंपनसंख्या कायम होई. पटावरील एका घरांत एकच सोंगटी बसावी, तशी एका कंपनसंख्येवर एकच विमान उडे. फळीचें प्रयोजन तें हेंच.

परंतु एकाच घरांत बसून राहण्याऐवजीं घर सारखें बदलीत राहिलें तर? ही कल्पना १९४२ पूर्वींही कांहींना सुचली होती. तिला त्या वर्षीं एक लक्षणीय रूप मिळालें. ऑस्ट्रियांत जन्मलेली हॉलिवुडची नटी हेडी लामार व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजीं अमेरिकेंत एक पेटंट मिळालें. टॉर्पेडोला मार्ग दाखविणाऱ्या लहरींत शत्रूला गोंगाट घालतां येऊं नये, हा त्यांचा हेतु. आपोआप वाजणाऱ्या पियानोंत भोकें पाडलेली कागदाची गुंडाळी असते. तशा दोन सारख्या गुंडाळ्या, एक जहाजावर व एक टॉर्पेडोंत, एकाच तालांत फिरवाव्या. म्हणजे दोन्हीकडील कंपनसंख्या एकाच क्रमानें बदलत राहील. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ कंपनसंख्या त्यांनीं सुचविल्या होत्या. अमेरिकन आरमारानें त्या युद्धांत ही योजना वापरली नाहीं. आजच्या यंत्रांशीं तिची वंशावळ सरळ जोडतां येत नाहीं. पण तत्त्व एकच आहे.

१९८५ सालीं अमेरिकेच्या सरकारी दळणवळण आयोगानें कांहीं लहरपट्ट्या या पसरत्या पद्धतींना परवान्यावांचून मोकळ्या केल्या. त्यांत २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ ही पट्टी होती. तिच्यांत विमानांची यंत्रें आलीं, तेव्हां दोन निराळीं मतें पुढें आलीं. २००५ सालीं निघालेला स्पेक्ट्रमचा डीएक्स-६ हा प्रक्षेपक सुरू होतांच पट्टी तपासून दोन मोकळीं घरें निवडी व त्यांतच राही. संदेश मात्र सांकेतिक पद्धतीनें पसरवी. जपानच्या फुताबा कंपनीच्या ‘फास्ट’ पद्धतींत लहर एका सेकंदांत अनेक वेळां घर बदलते.

दोहोंची तुलना करतां प्रत्येकाचा गुण व दोष उघड दिसतो. स्थिर पद्धतींत तुटलेलें नातें लौकर जुळतें. परंतु उड्डाण चालू असतां दोन्ही घरांत गोंगाट शिरला तर पळण्यास जागा नसते. उड्या मारणाऱ्या पद्धतींत एखाद-दुसरें घर बिघडलें तरी एखादाच संदेश वायां जातो, पुढचा पोंचतो. मात्र ताल एकदां चुकला तर तो पुन्हां पकडावा लागतो. पट्टींत गर्दी वाढली, तसें उड्यांचें महत्त्व पटलें. स्पेक्ट्रमनेंही पुढें आपल्या डीएसएमएक्स पद्धतींत २३ घरांवर उड्या घेण्याची सोय केली.

तरीहि उडी हा सर्व रोगांवरील उतारा नव्हे. ७२ मेगाहर्ट्झची लहर सुमारें चार मीटर लांब, तर या नव्या पट्टीची अवघी साडेबारा सेंटिमीटर. ती विमानांतील धातूच्या किंवा कार्बन तंतूच्या भागाआड सहज अडते, आणि कितीहि घरें बदललीं तरी ती सावली टळत नाहीं. म्हणूनच ग्राहकयंत्राच्या दोन तारा एकमेकींशीं काटकोनांत ठेवतात. विद्युत्घटांतील दाब घसरून ग्राहक क्षणभर बंद पडला, तर त्यालाहि उड्यांचा उपयोग नाहीं.

प्रत्येक ग्राहक आपल्या प्रक्षेपकाची सांकेतिक खूण आतां ओळखतो. त्यामुळें अनेक विमानें एकाच वेळीं निर्वेधपणें उडतात व चिमट्याची गरज उरलेली नाहीं. मात्र जाणता माणूस आजहि उड्डाणापूर्वीं प्रक्षेपकाची शक्ति मुद्दाम कमी करतो, कांहीं पावलें दूर जाऊन विमानाचीं सुकाणें हलतात कीं नाहीं हें पाहतो, आणि खात्री पटल्यावरच तें आकाशांत सोडतो. फळी गेली, ही रीत तेवढी राहिली आहे.